फास्टफूडच्या दुकानाचा तपासणी अहवाल कुठे मागायचा आणि त्यात काय वाचायचं

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. शनिवारी रात्री आठच्या सुमारास तुम्ही पुण्यात घराजवळच्या एका चेनच्या आउटलेटमध्ये फ्राइड चिकन आणि बर्गर खाल्लंत. मध्यरात्री तुमच्या सात वर्षांच्या मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि सकाळपर्यंत तो पार गळून गेला. आता तो बरा आहे, हे वाचून हायसं वाटलं. तुमचे भाऊ न्यूयॉर्कला राहतात. तिथे प्रत्येक हॉटेलच्या दारावर स्वच्छतेची श्रेणी सांगणारं अक्षर लावलेलं असतं आणि तपासणीचा इतिहास ऑनलाइन दिसतो. तसा अहवाल आपल्याकडे कुठे बघायचा, आणि पुन्हा त्या दुकानात जावं की नाही हे त्यावरून कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी नऊ वर्षं एका चेनच्या गुणवत्ता विभागात काम केलं आणि गेली अकरा वर्षं बाहेरून हॉटेलांच्या किचनचं ऑडिट करतो. मी सरकारी अन्न सुरक्षा अधिकारी नाही, त्यामुळे त्यांच्या कार्यालयातल्या कामाबद्दल अधिकारानं बोलणार नाही. पण त्यांचे अहवाल वाचणं, त्यातल्या त्रुटींची पूर्तता करून घेणं आणि तशाच प्रश्नावलीवर स्वतः किचन तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

अहवालाकडे जाण्याआधी त्या रात्रीबद्दल बोलू. तपासणीचा कुठलाही कागद तुम्हाला हे सांगणार नाही की मुलाला त्रास त्या चिकनमुळेच झाला. खाल्ल्यावर चार तासांत उलट्या सुरू झाल्या, म्हणजे एक शक्यता तयार विषाची आहे. हाताळणाऱ्याच्या हातावरचे किंवा नाकातले स्टॅफिलोकोकस जंतू अन्नात गेले, अन्न कोमट राहिलं आणि विष तयार झालं, तर एक ते सहा तासांत उलट्या होतात. पण साल्मोनेलाला सहसा सहा तासांपेक्षा जास्त, कधी दोन-तीन दिवसही लागतात. शाळेत पसरणाऱ्या नोरोव्हायरसला साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तास. म्हणजे दोष शुक्रवारच्या एखाद्या वाढदिवसाचाही असू शकतो. आपण नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो आणि बऱ्याचदा तिथेच चुकतो. तुमच्याबरोबर तेच खाल्लेल्या आणखी कोणाला त्रास झाला का? झाला असेल तर संशयाला वजन येतं. पुन्हा असं झालं तर डॉक्टरांना शौच तपासणीबद्दल नक्की विचारा. औषधं सुरू होण्याआधीचा नमुना असेल तर जास्त चांगलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे न्यूयॉर्कसारखी, प्रत्येक हॉटेलचा अहवाल घरबसल्या वाचता येईल अशी सोय नाही. पण सगळं बंद दाराआडही नाही. सुरुवात तुमच्या बिलापासून करा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक कोणी दिला ते सांगतात: महाराष्ट्रासाठी १५, केंद्रीय परवाना असेल तर ००. त्यानंतरचे दोन अंक वर्षाचे. म्हणजे ११५१९ नं सुरू होणारा क्रमांक हा महाराष्ट्रात २०१९ मध्ये दिलेला परवाना.

हा क्रमांक एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर टाका. तिथे परवाना चालू आहे की नाही आणि कुठल्या पत्त्यासाठी दिलाय ते दिसतं. पत्ता नीट वाचा. प्रत्येक जागेला स्वतंत्र परवाना लागतो, आणि बिलावर दुसऱ्याच शाखेचा क्रमांक छापलेला मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलाय. कधी ती बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधली चूक असते, कधी नव्या आउटलेटचा परवाना आलेलाच नसतो. ही एक गोष्ट तुम्ही पाच मिनिटांत तपासू शकता.

दुकानात हायजीन रेटिंगचं प्रमाणपत्र लावलंय का तेही बघा. एफएसएसएआयनं मान्यता दिलेल्या संस्था येऊन हे रेटिंग देतात. पण ही योजना ऐच्छिक आहे. ज्याला खात्री असते तोच बोलावतो, आणि ज्या दिवशी बोलावतो त्याच्या आधी आठवडाभर किचन घासलेलं असतं. रेटिंग असणं चांगलंच, पण ते नाही म्हणून दुकान वाईट असं समजू नका.

प्रत्यक्ष सरकारी तपासणीचा अहवाल हवा असेल तर माहितीचा अधिकार हा रस्ता आहे. महाराष्ट्र सरकारच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवरून किंवा कागदी अर्जावर, दहा रुपये शुल्क भरून, अन्न व औषध प्रशासनाच्या तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. 'या हॉटेलबद्दल सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. परवाना क्रमांक आणि पत्ता देऊन असं लिहा: गेल्या तीन वर्षांत या आस्थापनेच्या झालेल्या तपासण्यांच्या अहवालांच्या प्रती, दिलेल्या सुधारणा नोटिसांच्या प्रती, त्यावर आस्थापनेनं सादर केलेले पूर्तता अहवाल आणि फेरतपासणीचे अहवाल मिळावेत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. प्रकरण न्यायनिर्णयासाठी चालू असेल किंवा कंपनीनं व्यावसायिक गुपिताचं कारण पुढे केलं तर काही भाग नाकारला जाऊ शकतो. मग पहिलं अपील करा. माझा अनुभव असा की स्वच्छतेच्या त्रुटींची यादी हे काही कोणाचं व्यावसायिक गुपित नसतं, आणि अपिलात हे शांतपणे मांडलं तर ऐकलं जातं.

मी पूर्तता अहवाल आणि फेरतपासणी मागायला का सांगतोय, ते आता सांगतो. माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे.

एक तपासणी म्हणजे वर्षातल्या एखाद्या मंगळवारची दुपार. त्या दिवशी एक मुलगा गैरहजर होता, चिलरचा कॉम्प्रेसर बिघडला होता, म्हणून गुण कमी आले असं होऊ शकतं. आणि उलट, त्या दिवशी सगळं चकाचक होतं असंही होऊ शकतं. म्हणून मी एका अहवालावरून कुठल्याही दुकानाबद्दल मत बनवत नाही. दोन किंवा तीन अहवाल तारखेनुसार शेजारी ठेवतो आणि एकच गोष्ट शोधतो: तीच त्रुटी परत आली आहे का? तुटलेली फरशी परत आली तर मालक कंजूष आहे. चिलरचं तापमान परत आलं तर तिथे कोणी बघतच नाही.

तुमच्या भावांनाही हे सांगा. न्यूयॉर्कमध्ये जुलै २०१० पासून अक्षरं लावतात. तिथे चुकांचे गुण मोजतात, म्हणजे कमी गुण चांगले: ० ते १३ ला 'ए', १४ ते २७ ला 'बी', २८ किंवा जास्तीला 'सी'. पण पहिल्या तपासणीत 'ए' मिळाला नाही तर लगेच अक्षर देत नाहीत. काही दिवसांनी फेरतपासणी होते आणि अक्षर त्यावरून ठरतं. म्हणजे दारावरचा 'ए' कधी कधी दुसऱ्या प्रयत्नातला असतो. आधीच्या भेटीत काय सापडलं होतं ते ऑनलाइन इतिहासात दिसतं. अक्षर तयार करण्याची पद्धत वाईट नाही, पण मुलांना घेऊन जाताना अक्षराखालचा इतिहास वाचावा.

आपल्या अहवालाची रचना वेगळी आहे. हॉटेलांची तपासणी २०११ च्या परवाना नियमांमधल्या परिशिष्ट ४ वर बेतलेल्या प्रश्नावलीनं होते. तिच्यात काही प्रश्नांपुढे तारांकन असतं. त्या प्रश्नांना जास्त गुण असतात आणि त्यातला एकही नापास झाला तर बाकी गुण कितीही असोत, आस्थापना नियमांची पूर्तता करत नाही असंच धरतात. अहवाल हातात आला की एकूण गुणांकडे नंतर बघा, आधी तारांकित प्रश्नांवर बोट ठेवा. पाणी पिण्यायोग्य आहे का, पदार्थ नीट शिजतो का, गरम ठेवलेलं गरम आणि थंड ठेवलेलं थंड आहे का, कच्चं आणि शिजवलेलं वेगळं आहे का, कीटक-उंदरांचा माग आहे का. माणसाला आजारी पाडणाऱ्या गोष्टी या आहेत.

बाकीच्या नोंदींमध्ये 'भिंतीचा रंग उडालेला', 'परवान्याची प्रत दर्शनी भागात नाही', 'डस्टबिनला पायानं उघडणारं झाकण नाही' असलं बरंच काही असतं. ते सुधारलंच पाहिजे, पण त्यानं तुमच्या मुलाला उलट्या होत नाहीत. बातम्यांमध्येही हा फरक पुसला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय बर्गर चेनच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) आउटलेटवर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं केलेली कारवाई गाजली होती. आक्षेप होता चीजच्या जागी पर्यायी पदार्थ वापरून त्याला चीज म्हटल्याचा. कंपनीनं तो नाकारला, आपण खरंच चीज वापरतो असं सांगितलं. तो ग्राहकाच्या फसवणुकीचा प्रश्न होता, महत्त्वाचाच होता. पण लोक मला विचारत होते, 'मग तिथलं किचन घाण आहे का हो?' त्या आक्षेपात किचनबद्दल काहीच नव्हतं.

चिकनचं सांगतो, कारण तुम्ही तेच खाल्लंत. चेनच्या आउटलेटमध्ये चिकन मॅरिनेट करून, गोठवून येतं. ते चिलरमध्ये, पाच अंशांखाली, हळूहळू वितळायला हवं. गर्दीच्या शनिवारी मात्र संपत आलं की कोणीतरी पाकिटं सिंकमध्ये पाण्यात टाकतं. बाहेरचा थर कोमट होतो, आत बर्फच राहतो. मग ते फ्रायरमध्ये ठरलेल्या मिनिटांसाठी जातं, टायमर वाजतो, वरून सोनेरी दिसतं आणि हाडाजवळ कच्चं राहतं. आपल्या प्रश्नावलीत मांसाहारी पदार्थ आतपर्यंत ६५ अंशांवर दहा मिनिटं, किंवा ७० वर दोन मिनिटं, किंवा ७५ वर पंधरा सेकंद शिजला पाहिजे असं दिलंय. हे टायमरवरून कळत नाही. तुकड्याच्या सर्वात जाड भागात प्रोब थर्मामीटर खुपसूनच कळतं.

फास्टफूडच्या इतिहासातला सर्वात मोठा धडा याच तापमानाचा आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत जॅक इन द बॉक्स या बर्गर चेनमध्ये ई. कोलाय जंतूची लागण झाली. ७३ आउटलेट, सातशेहून जास्त लोक आजारी, चार मुलं गेली. वॉशिंग्टन राज्याचा नियम बर्गरचं मांस आतून १५५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण ६८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्याचा होता. कंपनी १४० च्या जुन्या पातळीवरच चालली होती. तिथल्या फरशा स्वच्छ असतील, गणवेश इस्त्रीचे असतील. चूक मांसाच्या गाभ्यात होती. मी नव्या ऑडिटरांना शिकवताना पहिल्या दिवशी हीच घटना सांगतो.

तळून झाल्यावरही धोका संपत नाही. नीट आतपर्यंत शिजलेल्या तुकड्यातले आजारी पाडणारे बहुतेक जंतू मेलेले असतात. मग त्याला हात लागतात, कच्च्या चिकनचा चिमटा लागतो, चिलरमध्ये वरच्या फळीवरच्या कच्च्या चिकनचं पाणी खालच्या कोबीवर टपकतं, आणि मेयोनेजचं उघडलेलं पाकीट दिवसभर काउंटरवर उभं असतं. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली, तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये. चेनमध्ये बहुधा पाकीटबंद मेयोनेज येतं, त्यामुळे कच्च्या अंड्याची भीती कमी. पण पाकीट कधी उघडलं याची चिठ्ठी त्यावर आहे का, हे मी प्रत्येक ऑडिटमध्ये बघतो आणि चारातल्या एका ठिकाणी तरी ती नसते.

आता एक गोष्ट, जी सरकारी अहवालात तुम्हाला सहसा दिसणार नाही. प्रत्येक चेनमध्ये रोजचे लॉग भरतात: चिलरचं तापमान दर चार तासांनी, फ्रायरच्या तेलाची तपासणी, हात धुण्याची नोंद, सॅनिटायझरची ताकद. दुकानाची खरी तपासणी रोज याच वहीत होते, अधिकारी वर्षाकाठी एकदा येतो. काही वर्षांपूर्वी एका आउटलेटमध्ये मी गेलो. चिलरच्या लॉगमध्ये पूर्ण महिन्यात एकच आकडा होता, ३.०. सकाळी ३.०, दुपारी ३.०, रात्री ३.०, सगळं एकाच पेनानं, एकाच हस्ताक्षरात. माझ्या थर्मामीटरनं चिलरमध्ये ११ अंश दाखवले. दाराचं रबर फाटलं होतं आणि ते कमीत कमी दोन आठवडे तसंच असणार. मॅनेजर पंचविशीतला पोरगा होता, घाबरला. त्यानं खरं सांगितलं: 'सर, सात लिहिलं की वरून फोन येतो, म्हणून तीन लिहितो.' मला त्या पोराचा राग आला नाही. राग आला तो फोन करणाऱ्यांचा, कारण त्यांनी खरं लिहिणाऱ्याला शिक्षा करायची पद्धत बसवली होती. त्या दिवसापासून ज्या लॉगमध्ये मधूनच ७.५ दिसतो आणि त्यापुढे 'दार उघडं राहिलं, माल दुसऱ्या चिलरमध्ये हलवला' असं लिहिलेलं असतं, त्या दुकानावर माझा जास्त विश्वास बसतो.

तेलाचंही तसंच. १ जुलै २०१८ पासून तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे घटक) पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. ज्यांचा रोजचा तेलाचा वापर पन्नास लिटरपेक्षा जास्त आहे त्यांनी तेल किती वापरलं, किती टाकलं, कोणाला दिलं याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. तुम्ही ग्राहक म्हणून ही वही मागू शकत नाही, पण काउंटरवरून धूर दिसला, तळणाचा वास कडवट आला, फ्राइजवर काळसर कण आले, तर तेवढं पुरेसं आहे.

तुम्ही पुन्हा गेलात तर काउंटरपलीकडे पाच मिनिटं बघा. पैसे घेणाऱ्या हातानंच बर्गर गुंडाळला जातोय का, हातमोजे घालून मोबाइल उचलला जातोय का, हात धुवायच्या बेसिनवर साबण आहे की त्यात भांडी ठेवलीत. भिंतीवर अन्नसुरक्षेचा बोर्ड असतो, त्यावर तक्रार कुठे करायची ते लिहिलेलं असतं. आणि मॅनेजरला सरळ विचारा: 'तुमच्या शेवटच्या पाणी तपासणीची तारीख काय?' पाणी दर सहा महिन्यांनी तपासायचं असतं आणि कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी व्हायला लागते. चांगला मॅनेजर फाइल घेऊन येतो. जो चिडतो त्याच्याकडे बहुतेक फाइल नसते. मी हे शेकडो वेळा बघितलंय.

तक्रार करायची का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. करा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या अॅपवर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर. 'आजारी पाडलं' असा आरोप लिहू नका. काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता उलट्या, डॉक्टर काय म्हणाले, बिल क्रमांक, असं लिहा. तक्रारीवरून अधिकारी गेले आणि त्रुटी सापडल्या तर सुधारणा नोटीस निघते. ती पूर्ण करायला कायद्यानं कमीत कमी चौदा दिवस द्यावे लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान चालू दिसलं तर 'काही केलंच नाही' असं समजू नका. नोटीस पाळली नाही तर परवाना निलंबित होतो, त्यानंतरही सुधारणा नसेल तर रद्द. तातडीचा धोका असेल तर मात्र लगेच बंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. आणि ग्राहक म्हणून तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या अन्नाचा नमुना शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. तो निकषांत बसला नाही तर भरलेलं शुल्क परत मिळतं. त्या रात्रीचं चिकन आता राहिलेलं नाही, त्यामुळे हा मार्ग या वेळी उपयोगाचा नाही.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? परवाना आणि पत्ता आजच तपासला असता, तक्रार या आठवड्यात नोंदवली असती, आरटीआयचा अर्ज टाकला असता, आणि उत्तर येईपर्यंत मुलाला तिथे नेलं नसतं. दुकान दोषी आहे म्हणून नाही, तर महिनाभर थांबायला काही लागत नाही म्हणून. उत्तरात एखादी किरकोळ त्रुटी आणि वेळेत केलेली पूर्तता दिसली तर मी निश्चिंतपणे परत गेलो असतो. तापमान, पाणी किंवा कच्चं-शिजवलेलं यातली तीच त्रुटी दोनदा आढळली तर गेलो नसतो.

अहवाल हाती आला की दुकानाचं नाव आणि पत्ता झाकून त्यातल्या त्रुटी तारखांसकट इथे टाका. फेरतपासणीचा कागद वेगळा जोडलेला असतो, तो विसरू नका. मी वाचून सांगतो.